‘कडक अंमलबजावणी करावी’ याच्या पुढे: पर्यावरणाचं अर्थशास्त्र धोरणाच्या कामी कसं येतं?

पर्यावरण आणि विकास या विषयावरचे चार-पाच प्रबंध कुठल्याही विद्यापीठाच्या ग्रंथालयातून काढा आणि थेट शेवटचं प्रकरण उघडा. त्याचं नाव बहुतेक वेळा ‘निष्कर्ष व शिफारशी’ असतं आणि त्यात एक वाक्य हमखास सापडतं: ‘शासनाने प्रदूषणविषयक कायद्यांची कडक अंमलबजावणी करावी.’

वाक्य चुकीचं नाही. पण समजा, हे वाक्य प्रदूषण नियंत्रण मंडळातल्या एखाद्या अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवलं, तर तो त्याचं काय करेल? कायदा त्याच्याकडे आहेच. पाण्यासाठीचा कायदा १९७४ चा, हवेसाठीचा १९८१ चा. अंमलबजावणी करायची असते हेही त्याला ठाऊक आहे. त्याची अडचण वेगळी आहे, आणि प्रबंधाच्या दोनशे पानांत त्या अडचणीबद्दल एकही ओळ नाही.

तुम्ही नेट-सेटची तयारी करत असाल, पेट देऊन पीएचडीचं प्रपोजल लिहायला बसला असाल, आणि पर्यावरणीय अर्थशास्त्र हा विषय डोक्यात असेल, तर ही शिफारशींची अडचण आधीच समजून घेतलेली बरी. कारण ती शेवटच्या प्रकरणात येत असली तरी तिचं मूळ पहिल्या प्रकरणात, म्हणजे तुम्ही प्रश्न कसा मांडला यात असतं.

या लेखात मी मुख्यतः एकाच ठिकाणचं संशोधन घेणार आहे: गुजरातमधले कारखाने आणि तिथलं प्रदूषण नियंत्रण मंडळ. एस्थर डफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे, निकोलस रायन आणि नंतर अनंत सुदर्शन या अर्थतज्ज्ञांनी दहा वर्षांहून जास्त काळ या मंडळाबरोबर काम केलं. एकच राज्य, एकच मंडळ, जवळपास तेच संशोधक आणि एकामागून एक तीन प्रश्न. काय जमलं आणि काय जमलं नाही, दोन्ही छापून आलेलं आहे. त्यामुळे संशोधन धोरणापर्यंत कसं पोचतं हे शिकायला याच्याइतकं सोयीचं उदाहरण क्वचित मिळतं.

आधी थोडी उजळणी

कापड गिरणीचा बॉयलर कोळशावर चालतो. कोळशाचे पैसे गिरणीच्या वहीत लिहिले जातात. धुराने शेजारच्या वस्तीतल्या मुलाला दमा झाला, तर औषधाचे पैसे मुलाच्या आईच्या पर्समधून जातात. गिरणीच्या वहीत हा खर्च दिसतच नाही. यालाच आपण बाह्य परिणाम किंवा एक्स्टर्नॅलिटी म्हणतो. पिगू यांनी १९२० मध्ये सुचवलं की जितकं नुकसान तितका कर लावा, म्हणजे तो खर्च गिरणीच्या वहीत येईल. कोस यांनी १९६० मध्ये मांडलं की हक्क कोणाचा हे स्पष्ट असेल आणि वाटाघाटीचा खर्च नगण्य असेल, तर दोन्ही बाजू आपसात तोडगा काढू शकतात.

हे तुम्हाला पाठच असेल. पण या दोन्ही मांडण्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे चिमणीतून किती धूर निघतो हे आपल्याला माहीत आहे. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत आडव्या अक्षावर ‘प्रदूषणाचं प्रमाण’ असं लिहिलेलं असतं आणि आपण पुढे जातो. प्रत्यक्षात तो आकडा कोणीतरी चिमणीवर चढून, नळी घालून, नमुना घेऊन लिहायचा असतो. तो माणूस कोण, आणि त्याने खरा आकडा का लिहावा? गुजरातमधलं पहिलं संशोधन या प्रश्नापासून सुरू होतं.

पहिला प्रश्न: मोजणाऱ्याला पैसे कोण देतं?

गुजरात उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये तिथे पर्यावरण ऑडिटची योजना सुरू झाली. जास्त प्रदूषण करू शकणाऱ्या कारखान्यांनी दरवर्षी बाहेरच्या ऑडिटरकडून तपासणी करून घ्यायची आणि अहवाल मंडळाला द्यायचा. कागदावर योजना चांगली होती. मंडळाकडे माणसं कमी, म्हणून तिसऱ्या पक्षाची मदत.

फक्त एक गोष्ट बघा. ऑडिटर निवडायचा कारखान्याने, फी ठरवायची कारखान्याने आणि द्यायचीही कारखान्यानेच. ज्याने ‘तुमचा धूर मर्यादेबाहेर आहे’ असं लिहिलं, त्याला पुढच्या वर्षी काम कोण देणार?

अशी व्यवस्था असेल तर अहवाल खोटे येत असणार, असा अंदाज कोणीही करेल. चहाच्या टपरीवरही हे ऐकायला मिळेल. पण अंदाज आणि पुरावा यांत फरक आहे, आणि धोरण बदलायचं तर मंडळाला तीन गोष्टी कळायला हव्या होत्या. अहवाल किती खोटे आहेत? ते ऑडिटरच्या लबाडीमुळे खोटे आहेत की पैसे देण्याच्या पद्धतीमुळे? आणि पद्धत बदलली तर नुसते अहवाल खरे होतील, की धूरही कमी होईल?

अहमदाबाद आणि सुरत भागातले ४७३ कारखाने या अभ्यासात घेतले. त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, म्हणजे यादृच्छिक पद्धतीने, दोन गट केले. एका गटात जुनी पद्धत तशीच चालू राहिली. दुसऱ्या गटात चार बदल केले. ऑडिटर कोणाला मिळणार हे कारखान्याने नाही, तर यादृच्छिक पद्धतीने ठरवायचं. फी ठरावीक, आणि ती एका सामाईक निधीतून द्यायची. काही चिमण्यांवर नंतर स्वतंत्र पथक पाठवून फेरमोजणी करायची. आणि दुसऱ्या वर्षी, ज्याचे आकडे फेरमोजणीशी जुळतील त्या ऑडिटरला जास्त पैसे द्यायचे.

निकाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या पद्धतीत ऑडिटरांच्या म्हणण्यानुसार धूलिकणांची मर्यादा ओलांडणारे कारखाने होते फक्त ७ टक्के. स्वतंत्र फेरमोजणीत निघाले ५९ टक्के. मर्यादा होती प्रति घनमीटर १५० मिलिग्रॅम, आणि ऑडिटरांच्या आकड्यांची मोठी गर्दी नेमकी या मर्यादेच्या जरा खाली झालेली होती. हा आलेख एकदा मूळ निबंधात जाऊन जरूर बघा. एकही समीकरण न वाचता खोटेपणा डोळ्यांना दिसतो.

नव्या पद्धतीत काम करणाऱ्या ऑडिटरांनी मर्यादेबाहेरचा धूर ‘मर्यादेत आहे’ असं खोटं लिहिण्याचं प्रमाण ८० टक्क्यांनी घटलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे या गटातल्या कारखान्यांचं प्रदूषणही कमी झालं, आणि ते मुख्यतः सगळ्यात जास्त प्रदूषण करणाऱ्यांनी कमी केलं.

आता हा निकाल मंडळाच्या दृष्टीने वाचा. यात कोणाला नैतिकतेचे धडे द्यायचे नव्हते, नवा कायदा आणायचा नव्हता. बदलायचं होतं ते ऑडिटर नेमण्याचं आणि पैशाचं वळण. ते मंडळाच्या हातात होतं. २०१५ मध्ये गुजरातच्या मंडळाने ऑडिटर यादृच्छिक पद्धतीने नेमायचा नियम केला.

इथे क्षणभर थांबा आणि प्रश्नाचा आकार बघा. ‘गुजरातमधील औद्योगिक प्रदूषण: एक अभ्यास’ असं शीर्षक असतं तर या नियमापर्यंत कोणी पोचलं असतं का?

दुसरा प्रश्न: मग तपासण्याच वाढवल्या तर?

ऑडिटर बाहेरचा असतो, पण मंडळाचे स्वतःचे निरीक्षकही असतात. आपल्याला सगळ्यांना वाटतं की निरीक्षक जास्त वेळा गेले तर कारखाने घाबरतील. ‘कडक अंमलबजावणी’ म्हणताना आपल्या मनात बहुधा हेच चित्र असतं.

याच संशोधकांनी हेही करून पाहिलं. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या कारखान्यांवर तपासण्यांची संख्या वाढवून नियमात ठरलेल्या किमान पातळीपर्यंत नेली. २०१८ मध्ये आलेला निकाल सरळ नाही. या कारखान्यांवर तपासण्या दुपटीहून जास्त झाल्या. त्यांना मिळालेल्या नोटिसाही त्याच प्रमाणात वाढल्या. पण सरासरी प्रदूषणात म्हणण्यासारखी घट झाली नाही.

का? कारण जादा तपासण्यांमधून अतिप्रदूषण करणारे, म्हणजे मर्यादेच्या पाचपट किंवा त्याहून जास्त धूर सोडणारे कारखाने काही जास्त सापडले नाहीत. नियमित तपासणीत निरीक्षक कुठे जायचं हे स्वतः ठरवतात. कुठे गडबड आहे याचा त्यांना आधीच अंदाज असतो, आणि तिथे ते जातच असतात. यादृच्छिक पद्धतीने वाढवलेल्या तपासण्या बहुतेक अशा कारखान्यांवर गेल्या जिथे उल्लंघन होतं, पण कारवाई करण्याइतकं मोठं नव्हतं. मंडळाच्या हातात त्या काळी हत्यारं होती ती जड: कारखाना बंद करणं, वीज-पाणी तोडणं, फौजदारी खटला. किंचित मर्यादेबाहेर गेलेल्या कारखान्यावर हे कोण चालवणार? दोनशे कामगारांचा रोजगार बुडवून? म्हणून नोटीस जाते, उत्तर येतं, फाईल बंद होते.

विकासाच्या धोरणाशी हा विषय इथे जोडला जातो. रोजगार की पर्यावरण असा वाद आपण भाषणांत ऐकतो. प्रत्यक्षात तो वाद मंडळाच्या कचेरीत रोज, एकेका फाईलवर होत असतो. शिक्षा फार मोठी असेल तर ती दिलीच जात नाही. म्हणजे कडक शिक्षा कागदावर असल्यामुळेच छोट्या उल्लंघनाला जवळपास शिक्षा नाही, असा उलटा परिणाम होतो.

संशोधन शिकणाऱ्यांसाठी यातला धडा असा, की ‘परिणाम झाला नाही’ हा निकालही धोरणाला तितकाच उपयोगी असतो, फक्त तो का झाला नाही हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे. नुसतं ‘पी व्हॅल्यू ०.०५ पेक्षा जास्त’ म्हणून सोडून दिलं तर कोणाच्याच हाती काही लागत नाही.

तिसरा प्रश्न: शिक्षेऐवजी किंमत लावली तर?

दुसऱ्या अभ्यासातून तिसरा प्रश्न आपोआप पुढे येतो. बंद करणं आणि सोडून देणं या दोन टोकांच्या मध्ये काही हवं होतं. प्रत्येक किलो धुराला किंमत असेल, थोडा जास्त धूर सोडला तर थोडे जास्त पैसे, असं काहीतरी.

सुरतमध्ये २०१९ मध्ये धूलिकणांचा उत्सर्जन-व्यापार सुरू झाला. धूलिकणांसाठीचा असा बाजार जगात पहिलाच. कल्पना एका छोट्या हिशेबाने समजून घेऊ. हे आकडे माझे, फक्त समजण्यासाठी.

समजा दोन गिरण्या आहेत. दोघींनी मिळून ६० किलो धूलिकण कमी करायचे आहेत. पहिलीकडे जुनं पण दुरुस्त होण्याजोगं यंत्र आहे, तिला किलोमागे १० रुपये खर्च येतो. दुसरीची जागा अडचणीची, तिला किलोमागे ६० रुपये. नियम सांगतो की प्रत्येकीने ३० किलो कमी करा. खर्च: पहिलीचे ३०० आणि दुसरीचे १८००, एकूण २१०० रुपये. आता परवाने विकायची मुभा द्या. पहिली गिरणी ६० किलो कमी करते, खर्च ६०० रुपये. तिच्याकडे ३० किलोचे परवाने उरतात, ते ती दुसरीला किलोमागे ३० रुपयांनी विकते. पहिलीला ९०० रुपये मिळाले, म्हणजे खर्च वजा जाता ३०० रुपये फायदा. दुसरीने १८०० च्या जागी ९०० दिले. धूर तितकाच कमी झाला आणि एकूण खर्च २१०० वरून ६०० वर आला.

खऱ्या जगात इतकी बचत होत नाही, कारण एकच गिरणी धूर कमी करत गेली की पुढचा प्रत्येक किलो महाग पडत जातो. पण दिशा हीच असते.

सुरतच्या अभ्यासात ३१७ कारखाने होते, बहुतेक कापड उद्योगातले. त्यातले सुमारे निम्मे बाजारात घेतले आणि उरलेल्यांना जुनाच नियम ठेवला. इथे संशोधनाच्या रचनेतली एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. चिमणीतला धूर सतत मोजून आकडे थेट पाठवणारी यंत्रं दोन्ही गटांत बसवली होती. का बरं? समजा फक्त बाजारातल्या कारखान्यांवर यंत्रं बसवली असती आणि धूर कमी झाला असता, तर तो बाजारामुळे की ‘कोणीतरी सतत बघतंय’ या धाकामुळे, हे सांगता आलं नसतं. यंत्र दोघांकडे, बाजार एकाकडे. म्हणून जो फरक उरला तो बाजाराचा.

तो फरक असा: बाजारातल्या कारखान्यांचं उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी कमी झालं. परवान्याइतकाच धूर सोडायचा हे बंधन जवळपास सगळ्या, म्हणजे ९९ टक्के, वेळा पाळलं गेलं. आणि तितक्याच उत्सर्जनासाठी जुन्या नियमाने जो खर्च आला असता, त्याच्या तुलनेत खर्च सुमारे ११ टक्के कमी आला. सविस्तर निबंध २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, पण त्याआधीच गुजरातने असाच बाजार अहमदाबादमध्ये सुरू केला होता.

पहिला अभ्यास आणि तिसरा अभ्यास यांच्यातला धागा दिसतोय ना? मोजमाप खरं नसेल तर बाजार उभाच राहत नाही. खोट्या वजनकाट्यावर कांद्याचा लिलाव होत नाही, तसंच हे.

मधली वर्षं कुठे गेली?

प्रपोजल लिहिणाऱ्यांनी हा भाग विशेष वाचावा. उत्सर्जन-व्यापाराची कल्पना २०१९ ची नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जयराम रमेश मंत्री असताना यावर अर्थतज्ज्ञांकडून अहवाल घेतला होता, आणि २०११ च्या सुमारास गुजरात, महाराष्ट्र आणि तमिळनाडू या तीन राज्यांत प्रायोगिक प्रकल्प करायचं ठरलं होतं. प्रत्यक्ष व्यापार सुरू झाला तो सुरतमध्ये, आठ-नऊ वर्षांनी.

मधल्या काळात काय चाललं होतं, तर ज्याला आपण ‘संशोधन’ म्हणून मोजत नाही अशी कामं. चिमणीवर कोणतं यंत्र चालेल, ते बरोबर मोजतंय की नाही हे कसं तपासायचं, आकडे मध्येच बंद पडले तर काय धरायचं, उद्योजकांना हे कसं समजवायचं. या प्रत्येक गोष्टीचा नियम लिहावा लागतो. एकही नियम ढिला राहिला तर पळवाट तिथूनच निघते.

महाराष्ट्रात या काळात वेगळा मार्ग घेतला गेला. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१७ मध्ये कारखान्यांसाठी तारांकन सुरू केलं. चिमणीतल्या धूलिकणांच्या नमुन्यांवरून कारखान्याला एक ते पाच तारे द्यायचे आणि ते लोकांसमोर ठेवायचे. यात दंड नाही, बाजार नाही, फक्त माहिती. कल्पना अशी की तारे कमी दिसले की गावकरी, ग्राहक, बँका, वर्तमानपत्रं प्रश्न विचारतील. इंडोनेशियाने १९९५ पासून काळा, लाल, निळा, हिरवा आणि सोनेरी असे रंग देऊन हेच केलं होतं. दंड, बाजार आणि माहिती ही तीन वेगवेगळी हत्यारं आहेत. कुठलं कुठे चालतं, हा तुमच्यापैकी कोणाच्या तरी पीएचडीचा प्रश्न होऊ शकतो.

कारखान्यांच्या बाहेर: चूल आणि पराली

हे सगळं कारखान्यांपुरतं नाही, म्हणून दोन उदाहरणं थोडक्यात.

ओडिशात सुधारित चुलींचा अभ्यास झाला. प्रयोगशाळेत या चुली धूर कमी करत होत्या. रेमा हॅना, डफ्लो आणि ग्रीनस्टोन यांनी हजारो कुटुंबांचा चार वर्षांपर्यंत पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी श्वासातून जाणारा धूर कमी झाला, नंतर परिणाम नाहीसा झाला. लोकांनी चूल नियमित वापरली नाही, तिची देखभाल केली नाही. सहा महिन्यांत सर्वेक्षण आटोपलं असतं तर ‘योजना यशस्वी’ असा अहवाल गेला असता. पाठपुरावा किती काळ करायचा हा तांत्रिक तपशील वाटतो, पण निकाल त्यावरच उलटतो.

दुसरं उदाहरण पंजाबचं. भाताची पराली जाळू नये म्हणून शेतकऱ्यांना पैसे द्यायचे, पण न जाळल्याची खात्री झाल्यावर, ही नेहमीची पद्धत. एका अभ्यासात काही शेतकऱ्यांना ठरलेल्या रकमेचा काही भाग आधीच, बिनशर्त दिला. उरलेली रक्कम नंतर. हिशेबाने बघितलं तर अट पाळण्याचं बक्षीस यात कमी होतं. तरीही आगाऊ पैसे मिळालेल्यांनी अट पाळण्याचं प्रमाण ८ ते १२ टक्के-बिंदूंनी जास्त निघालं, आणि उपग्रहाच्या छायाचित्रांतही जाळण्यात घट दिसली. ‘सगळे पैसे नंतर’ या पद्धतीने जाळण्यात फरक पडला नाही. यंत्र भाड्याने घ्यायला पैसे आज लागतात, आणि सरकार नंतर पैसे देईल यावर शेतकऱ्याचा विश्वास नसतो. रक्कम वाढवण्यापेक्षा ती कधी द्यायची हे बदलणं जास्त कामाचं ठरलं.

हे संशोधन काय सांगत नाही

आतापर्यंत मी बरंच कौतुक केलं. आता दुसरी बाजू, कारण व्हायवात हेच विचारतात.

पहिली गोष्ट, बाजार एकूण धुराची मर्यादा स्वस्तात गाठून देतो. मर्यादा किती असावी हे तो सांगत नाही. तो आकडा कितीचे फुप्फुस आपण वाचवणार याचा आहे आणि तो लोकशाहीत, वाद घालूनच ठरला पाहिजे. अर्थतज्ज्ञ पर्यायांचा हिशेब मांडू शकतो, निवड त्याने करायची नाही.

दुसरी गोष्ट, परवाने विकत घेऊन जास्त धूर सोडणारी गिरणी नेमकी कोणाच्या घराशेजारी आहे? धूलिकणांचा त्रास जवळच्यांना जास्त होतो. एकूण कमी झालं म्हणजे प्रत्येक वस्तीत कमी झालं असं नाही. सरासरीच्या पलीकडे जाऊन हे तपासणं हा वेगळा अभ्यास आहे.

तिसरी गोष्ट, सुरतचे कारखाने एका भागात दाटीने आहेत आणि एकमेकांसारखे आहेत. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राला किंवा विखुरलेल्या वीटभट्ट्यांना तोच निकाल जसाच्या तसा लागू होईल असं धरता येत नाही.

चौथी गोष्ट जरा अवघड आहे. मंडळाबरोबर काम केलं तर आकडे मिळतात आणि निकाल अमलात येण्याची शक्यता वाढते. पण मंडळाला नको असलेले प्रश्न मागे पडण्याचा धोकाही वाढतो. ज्या गावाने विरोध केला तिथे परवानगी मुळात कशी मिळाली, हा प्रश्न कुठल्या प्रयोगात बसणार? तो विचारणारं संशोधनही हवंच, आणि ते बहुधा मंडळाच्या सहकार्याशिवाय, माहितीचा अधिकार, जनसुनावणीची कागदपत्रं आणि गावातल्या मुलाखती यांवर उभं राहील. यादृच्छिक प्रयोग म्हणजेच संशोधन, असा समज करून घेऊ नका.

तुमच्या प्रपोजलसाठी

आता आपल्या जवळचं उदाहरण घेऊन बघू: ऊसतोडीनंतर पाचट जाळणं. नेहमीच्या प्रबंधातली शिफारस असेल, ‘शेतकऱ्यांमध्ये जनजागृती करावी.’ ती बाजूला ठेवा आणि स्वतःला हे पाच प्रश्न विचारा.

१. निर्णय नेमका कोण घेतं? शेतकरी जाळतो हे दिसतं. पण तोड कधी येणार हे कारखान्याचा शेती विभाग ठरवतो, आणि पाचट कुट्टीचं यंत्र वेळेवर मिळेल की नाही हे तिसराच कोणी ठरवतो. धोरण कोणासाठी लिहिताय ते आधी ठरवा.

२. त्याला तसं वागायला काय भाग पाडतं? माहिती नाही, पैसे नाहीत, वेळ नाही, की विश्वास नाही? या चारांचे उपाय चार वेगळे आहेत. जनजागृती फक्त पहिल्याला लागू पडते.

३. आकडा कोण लिहितं? पाचट जाळलं की नाही हे शेतकऱ्याला विचारलं तर तो काय सांगेल? उपग्रहाने बघायचं तर छोट्या शेतातली, तासाभरात विझणारी आग दिसते का? दोन मार्गांनी मोजा आणि ते जुळतात का बघा.

४. नाहीतर काय झालं असतं? यंत्र मिळालेल्या गावात जाळणं कमी असेल, पण ती गावं आधीपासूनच पुढारलेली असतील तर? यादृच्छिक प्रयोग करायला विद्यार्थ्याकडे पैसे नसतात, हे मान्य. पण यंत्रं एकदम सगळीकडे येत नाहीत, गटागटाने येतात. आधी मिळालेले आणि नंतर मिळालेले यांची तुलना करता येते का बघा. आधी कोणाला आणि का मिळालं, हे मात्र कसून तपासा.

५. उत्तर ‘नाही’ आलं तरी कोणाच्या तरी उपयोगी पडेल का? पडणार नसेल तर प्रश्न बदला.

या पाचांची उत्तरं एका पानावर लिहा, पाच-सात ओळींत एकेक. मग ते पान तुमच्या गाइडच्या आधी एखाद्या कृषी सहायकाला किंवा कारखान्याच्या शेती विभागात काम करणाऱ्या माणसाला वाचून दाखवा. तो ‘हे असं नसतंच मुळी’ म्हणाला तर अर्धा तास त्याच्याजवळ बसा आणि लिहून घ्या. तो ‘हे आम्हालाही कळायला हवंय’ म्हणाला, तर साहित्याचा आढावा लिहायला घ्या. प्रश्न सापडलेला आहे.